वाळू घट्ट, ओढा उथळ

पुळणीवर गाडी घालून गळ टाकायला जाणाऱ्या माणसांना एक फोन नंबर तोंडपाठ असायचा. तो लावला की पलीकडून खर्जातला, सावकाश, प्रत्येक शब्दाला इस्त्री केल्यासारखा आवाज येई. "नमस्कार. पुळणीची आजची स्थिती. ओहोटी सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी. वारा जमिनीकडून, मंद. वाळू घट्ट. ओढा उथळ. मासा बऱ्यापैकी. चाकांतली हवा अठरावर आणा. धन्यवाद."

वाळू एक तर घट्ट असायची, नाही तर मऊ. म्हणून त्या आवाजाच्या मालकाला गावानं घट्टमऊ हे नाव ठेवलं होतं. तोंडावर सगळे साहेब म्हणत, पाठ फिरली की घट्टमऊ. त्याला ते माहीत होतं. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा नाकाला मिरच्या झोंबल्या. पुढे मात्र त्यानं स्वतःची समजूत काढली, की नाव ठेवतात म्हणजे दखल घेतात.

पुळणीच्या तोंडाशी एक आडवा बांबू, बांबूशेजारी पत्र्याची एक खोली, आणि त्या खोलीत एकोणीस वर्षं घट्टमऊ. टेबलावर निरोप भरून ठेवायचं राखाडी यंत्र, त्याला एक लाल बटण. भिंतीवर भरती-ओहोटीचं कोष्टक. खिळ्याला पुळणीची देखरेख करणाऱ्या खात्याच्या पिकअपची किल्ली. खिडकीत एक दुर्बीण, तिची उजवी काच तडकलेली, त्यामुळे लांबचं सगळं दोन तुकड्यांत दिसे. गाडी आली की तो टोपी घालून बाहेर यायचा, फावडं बघायचा, दोर बघायचा, रुतलेल्या चाकाखाली घालायच्या फळ्या बघायचा आणि मगच स्लिप फाडायचा. स्लिपेच्या मागे बारा नियम छापलेले होते. ते त्याला एवढे पाठ होते, की कुणी स्लिप उलटी करून वाचायला लागलं तर तो पुढचं वाक्य आधी म्हणून टाकायचा.

"पाचवा वाचा. ओल्या वाळूवर जोरात ब्रेक मारू नये. आता सातवा. चाक जागेवर फिरायला लागलं तर रेस देऊ नये, खाली उतरावं."

"एवढं सगळं तुम्हाला कसं ठाऊक, साहेब?" नवखा माणूस विचारायचा.

"अनुभव," घट्टमऊ समुद्राकडे बघत म्हणायचा.

आता खरी गोष्ट अशी, आणि ती पुढे तो स्वतःच कुणीही न विचारता सांगत सुटायचा, की एकोणीस वर्षांत त्यानं वाळूवर गाडी एक फूटभरसुद्धा चालवली नव्हती. तो कामावर सायकलनं यायचा. लायसन होतं, पण ते डांबरी रस्त्यावर मिळवलेलं. नोकरीच्या पहिल्या महिन्यात पिकअपचा ड्रायव्हर म्हणाला होता, "चला, तुम्हाला शिकवतो." तेव्हा हा घाबरला आणि म्हणाला, "आज नको, वाळू मऊ आहे." ड्रायव्हरला वाटलं, काय जाणकार माणूस आहे! त्यानं ते चार जणांना सांगितलं. बस, तिथून हा जाणकार झाला. एकदा जाणकार झाल्यावर शिकायचं कुणाकडे? शिकायला गेला तर जाणकारी जाते, न शिकला तर राहते. त्यानं राहू दिली.

माशाचंही तेच. गळ कसा बांधतात ते त्यानं चित्रात बघितलं होतं. रोज परतणाऱ्यांना तो विचारायचा, "काय, लागला का?" ज्याला भरपूर मिळाले तो जागा फुटू नये म्हणून म्हणायचा, "छे, काही नाही." ज्याला काहीच मिळालं नाही तो म्हणायचा, "अहो, उचलता येईनात!" घट्टमऊ दोन्ही थापांची सरासरी काढून निरोपात घालायचा, 'मासा बऱ्यापैकी'.

त्याची बायको एका दातांच्या डॉक्टरकडे रोग्यांची नावं लिहून घ्यायची. दिवसभर लोकांची उघडी तोंडं बघून ती घरी यायची आणि नवऱ्याचं बंद तोंड बघायची. "अहो, दूध संपलंय का विचारलं तर नुसतं हं म्हणता," ती म्हणायची. "आणि फोनवर गावभर काय गोड बोलता! एक दिवस मीच नंबर लावून विचारणार आहे, की दूध घट्ट आहे का मऊ."

तिसरी गोष्ट मात्र बायकोलाही माहीत नव्हती. निरोप पहाटे साडेपाचला भरायचा असा नियम होता. पहाटे खोलीत यायचं, पाण्यापर्यंत जायचं, वाळू पायानं दाबून बघायची, ओढ्यापर्यंत एक फेरी मारायची आणि मग बटण दाबायचं. पहिली सतरा वर्षं त्यानं ते केलं, निदान अर्धं तरी. मग त्याच्या लक्षात आलं, की कालची वाळू आणि आजची वाळू यांत काही फरक नसतो. तेव्हापासून तो संध्याकाळी कुलूप लावण्याआधीच उद्याचा निरोप भरून ठेवायला लागला. घरी सांगितलं, की कामाची वेळ बदलली. 'आजची स्थिती' म्हणताना सुरुवातीला जीभ थोडी अडखळायची. मग जिभेलाही सवय झाली. असं दोन वर्षं चाललं, आणि कुणाच्या लक्षात आलं नाही.

ज्या दिवसाची गोष्ट आहे, त्याच्या दोन दिवस आधी वर डोंगरात जोराचं वादळ झालं होतं. चौथ्या किलोमीटरला जो ओढा पुळण कापून समुद्राला मिळतो, त्याचं पाणी तिकडूनच येतं. घट्टमऊनं संध्याकाळी खिडकीतून दुर्बीण लावली. तडकलेल्या काचेतून ओढ्याच्या दोन चमकत्या रेघा दिसल्या. उथळ वाटल्या. 'चार किलोमीटरवरून समुद्रसुद्धा उथळच दिसतो' हे वाक्य त्याला नंतर सुचलं. त्या वेळी त्यानं बटण दाबलं, "वाळू घट्ट, ओढा उथळ" म्हटलं आणि सायकलवर टांग मारून तो घरी गेला.

दुसऱ्या दिवशी साडेआठला तो खोलीचं कुलूप काढत होता, तोच न्हावी पुळणीवरून गाडी दामटत आला. न्हाव्याचं दुकान त्या वारी बंद असायचं, म्हणून वर्षाच्या पासाबरोबर मिळणाऱ्या किल्लीनं बांबू उघडून तो पहाटे गळ टाकायला गेला होता.

"साहेब, ओढ्यानं काठ कापलाय! माझ्या छातीएवढा! मी जेमतेम अलीकडे थांबलो."

"छातीएवढा?" घट्टमऊ म्हणाला. त्याची सरासरी काढायची सवय जाईना. "म्हणजे कमरेएवढा?"

"छातीएवढा म्हणजे छातीएवढा. आणि पलीकडे टेलरबाईंची जीप उभी आहे."

टेलरबाई म्हणजे सत्तरीच्या, सडपातळ, काटक बाई. अर्ध्या गावाचे गणवेश त्यांनी शिवले होते. घट्टमऊचाही त्यांनीच शिवला होता, एकोणीस वर्षांत चार वेळा, आणि त्याच्या कमरेचं प्रत्येक माप त्यांच्या वहीत होतं. हात थरथरायला लागल्यावर त्यांनी शिवणयंत्र भाचीला दिलं आणि जुनी जीप घेऊन त्या पुळणीवर यायला लागल्या. त्यांच्याकडेही वर्षाचा पास होता, बांबूची किल्ली होती. पहाटे स्वतःच बांबू उचलून त्या आत जायच्या, ओढा ओलांडून पार टोकाला, जिथं दुसरं कुणी फिरकत नसे.

घट्टमऊनं कोष्टक बघितलं. पाणी सातपासून चढत होतं. अकरापर्यंत ते कोरड्या वाळूच्या उंचवट्याला भिडणार, मग गाडीला जागा उरणार नाही. पलीकडे सत्तर वर्षांची बाई, एकटी, आणि मोबाईलला तिथं रेंज नाही.

त्यानं मुख्य कचेरीत फोन लावला. मोठे साहेब म्हणाले, "ड्रायव्हरला पाठवा."

"ड्रायव्हरला गालफुगी झालीय, साहेब."

"या वयात?"

"हो साहेब. दोन्ही बाजूंनी."

"मग तुम्ही जा. वाळू तुमच्याइतकी कुणाला कळते?"

घट्टमऊनं फोन ठेवला. खिळ्याची किल्ली काढली. न्हावी म्हणाला, "साहेब, मी चालवू का? मला वाळूची सवय आहे." हीच ती वेळ होती. एवढं एकच 'हो' म्हटलं असतं तर पुढचं सगळं टळलं असतं. पण बाहेर आणखी तीन गाड्या थांबल्या होत्या, त्यांतली माणसं ऐकत होती. घट्टमऊ म्हणाला, "खात्याची गाडी आहे. बाहेरच्या माणसाच्या हातात देता येत नाही." लोकांना ते पटलं. त्यालाही जवळजवळ पटलं.

पिकअपमध्ये बसून तो निघाला, आणि बांबूच्या पुढे दहा फुटांवर त्याला आठवलं, की वाळूत रुतू नये म्हणून चाकांतली हवा कमी करायची, ती राहिली. हवा मोजायचं यंत्र ड्रायव्हरच्या पिशवीत, पिशवी ड्रायव्हरच्या घरी. उतरून न्हाव्याकडे मागायचं म्हटलं तर सगळ्यांदेखत. तो उतरला नाही. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, ही म्हण त्यानं पुष्कळदा दुसऱ्यांना लावली होती.

गंमत म्हणजे सुरुवातीला काहीच झालं नाही. ओहोटीनं उघडी पडलेली ओली वाळू सिमेंटसारखी होती. पिकअप झकास चालली. पहिला किलोमीटर त्यानं स्टिअरिंग दोन्ही हातांनी आवळून काढला. दुसऱ्याला एक हात सैल झाला. तिसऱ्याला तर त्यानं खिडकीवर कोपर टेकवलं, आणि मनात विचार आला, की अरेच्चा, यात अवघड ते काय! एकोणीस वर्षं उगाच भ्यायलो. मग तो शीळ घालायला लागला. त्या शिळेवर आजही त्याची बायको हसते, कारण ती कुठल्या चालीची होती ते तो सांगत नाही.

ओढा एकदम आला. दुर्बिणीत दिसणारी रेघ नव्हती ती. तपकिरी पाणी घोंघावत समुद्राकडे धावत होतं, आणि अलीकडची वाळू सुरीनं कापल्यासारखी उभी तुटलेली. घट्टमऊनं जीव खाऊन ब्रेक मारला. नियम पाचवा. पिकअपचं नाक खाली गेलं, पुढची चाकं वाळूत बसली. त्यानं घाबरून मागचा गिअर टाकला आणि रेस दिली. नियम सातवा. चाकं गरागरा फिरली, वाळू खिडकीएवढी उडाली आणि गाडी शांतपणे, एखाद्या म्हशीनं डबक्यात बसावं तशी, पोटावर बसली. तो दार उघडायला गेला तर दार वाळूला अडलं. तो दुसऱ्या दारानं, आधी डोकं, मग टोपी, मग बाकीचं, अशा क्रमानं बाहेर पडला.

पलीकडच्या काठावर टेलरबाई उभ्या होत्या. वाळूत रोवलेल्या नळीत त्यांची गळाची लांब काठी उभी, हातात थर्मासचं झाकण, झाकणात चहा. त्यांनी सगळा खेळ पहिल्यापासून बघितला होता.

"साहेब," त्यांनी ओढ्यावरून हाक मारली, "स्लिप घेतलीत का?"

घट्टमऊ ओरडला, "घाबरू नका, बाई! मी तुम्हाला न्यायला आलोय!"

"दिसतंय," बाई म्हणाल्या. त्यांनी चहा संपवला, झाकण झटकलं, गळाचा नायलॉनचा दोरा, तंगूस, गुंडाळून घेतला आणि काठी जीपवर बांधली. मग जीप चालू करून त्या समुद्राला पाठ करून वर, झुडपांच्या बाजूला निघून गेल्या. घट्टमऊला वाटलं, गेल्या, आपल्याला सोडून गेल्या. पाच मिनिटांनी जीप त्याच्या मागून आली. वरच्या अंगाला ओढा खडीवर पसरतो, तिथं पाणी घोट्यापर्यंतच असतं, हे बाईंना कधीपासून ठाऊक होतं. म्हणजे सुटका करून घ्यायला त्यांना कुणाचीच गरज नव्हती. गरज होती ती सुटका करायला आलेल्याला.

बाई उतरल्या. पिकअपभोवती एक फेरी मारली. कपडा उसवलाय कुठं ते बघावं तसं चारी चाकं बघितली.

"हवा काढली नाहीत?"

"घाईत राहिली."

"मग आता काढा."

घट्टमऊ चाकाजवळ बसला. टोपण काढलं. मग त्यानं मान वर केली, आणि एकोणीस वर्षं रोज सकाळी फोनवर ज्यानं तो आकडा सांगितला होता, त्या माणसानं विचारलं, "किती काढू?"

बाई त्याच्याकडे बघत राहिल्या. "अठरावर आणा," त्या म्हणाल्या. "असं एक साहेब सांगतात."

पुढचा पाऊण तास हसण्यासारखा नव्हता. पाणी चढत होतं. घट्टमऊ फावड्यानं चाकांसमोरची वाळू काढायचा, लाट यायची, खड्डा भरून जायची. गुडघे टेकून त्यानं हातांनी फळ्या आत सारल्या. एका लाटेनं त्याची टोपी नेली. शाळेत असताना 'पायाखालची वाळू सरकणे' या वाक्प्रचाराचा त्यानं वाक्यात उपयोग केला होता आणि पूर्ण गुण मिळवले होते. आता ती खरोखर सरकत होती, टाचांखालून, प्रत्येक लाटेबरोबर चिमूट-चिमूट, आणि पिकअपचं मागचं चाक तिच्याबरोबर समुद्राकडे कलत होतं. त्याला वाटलं, गाडी जाणार. मग वाटलं, गाडी गेली तर जाऊ दे, बाई गेली असती तर?

बाईंनी जीप मागे लावली, दोर बांधला. "तुम्ही आत बसा. क्लच हळू सोडायचा. शिवणयंत्राचं पायडल दाबतात तसा."

"मी कधी शिवणयंत्र चालवलं नाही, बाई."

"मग काय चालवलंत तुम्ही आजवर?"

पहिल्या खेपेला दोर ताणला, पिकअप हलली आणि परत बसली. दुसऱ्या खेपेला घट्टमऊनं क्लच एकदम सोडला आणि इंजिन बंद पडलं. लाट दाराच्या खालच्या कडेला आपटली. बाई जीपमधून खाली उतरल्या, खिडकीपाशी आल्या आणि आवाज अजिबात न चढवता म्हणाल्या, "पाय माझ्या बोलण्यावर ठेवा. मी 'आता' म्हटल्याशिवाय श्वाससुद्धा सोडू नका." तिसऱ्या खेपेला त्या 'आता' म्हणाल्या, आणि पिकअप फळ्यांवर चढली, डुलली, आणि बाटलीचं बूच निघावं तशी एकदम सुटून मागे आली.

दोन्ही गाड्या वर कोरड्या उंचवट्यापाशी लावून दोघं बसली. घट्टमऊ डोक्यापासून पायापर्यंत ओला, मिशीत वाळू. बाईंनी उरलेला चहा त्याला दिला.

"खरं सांगा. किती वर्षं चालवताय पुळणीवर?"

घट्टमऊनं चहाचा घोट घेतला. खोटं बोलण्याइतकं बळ अंगात राहिलं नव्हतं. "आज सकाळपासून."

बाई हसायला लागल्या. आवाज न करता, नुसते खांदे हलत होते. डोळे पुसून त्यांनी विचारलं, "आणि मासे? मासे कधीपासून धरताय?"

"खातो फक्त."

आता त्या वाळूवर आडव्याच व्हायच्या राहिल्या. घट्टमऊलाही हसू फुटलं. इतक्या वर्षांचं ओझं असं हसत हसत उतरतंय असं वाटून तो भरात आला, आणि भरात उरलेलंही बोलून गेला. "अहो, निरोपसुद्धा मी पहाटे भरत नाही. आदल्या संध्याकाळीच भरून ठेवतो."

बाईंचं हसणं थांबलं.

त्या पाण्याकडे वळल्या. मग म्हणाल्या, "मी आज पावणेपाचला फोन लावला होता. मला वाटलं, आज साहेब लवकर उठले. ओढा उथळ म्हणालात. अंधारच होता. मी रोजच्यासारखी सरळ चालले होते. काच खाली होती म्हणून पाण्याचा आवाज आला. नेहमीपेक्षा मोठा वाटला. उतरले, काठीनं चाचपलं, तर पुढे काठीला काही लागेचना. मग वरच्या खडीवरून गेले."

घट्टमऊनं हातातलं झाकण खाली ठेवलं, तर ते वाळूत कलंडलं आणि चहा सांडला.

"काच वर असती तर," बाई म्हणाल्या, आणि तेवढंच म्हणून त्यांनी विषय सोडला. नंतर कधीही, कुणापाशीही तो काढला नाही.

परत येताना जीप पुढे, पिकअप मागे. बांबूपाशी न्हावी आणि आता पाच गाड्यांची माणसं उभी होती. टोपी नसलेला, ओला, चाकांत अठरा हवा असलेला घट्टमऊ बघून कुणीतरी विचारलं, "काय साहेब, वाळू कशी आहे?"

एरवी तो 'मऊ' म्हणून मोकळा झाला असता. तो म्हणाला, "वाळू चांगली आहे. मला चालवता येत नाही." आणि खोलीत जाऊन त्यानं दार लावून घेतलं.

आत तो यंत्रासमोर बसला. मग लाल बटण दाबलं. त्या दिवशीचा निरोप गावातल्या पुष्कळांनी ऐकला, काहींनी पुन्हा पुन्हा ऐकला. "नमस्कार. सकाळचा निरोप चुकीचा होता. तो मी काल संध्याकाळी भरला होता. ओढा न बघता उथळ म्हणालो. ओढा छातीएवढा कापलेला आहे, कुणीही ओलांडू नये. चूक माझी. माशांबद्दल मला काही माहीत नाही, आधीही नव्हतं. धन्यवाद." पहिल्यांदाच त्या आवाजाची इस्त्री मोडली होती.

दोन तासांत मोठ्या साहेबांचा फोन आला. "अहो, हे काय भरलंय तुम्ही? सगळं गाव हसतंय!"

"हो साहेब."

"'मला माहीत नाही' असं कुठं निरोपात असतं का?"

"खरं आहे ते, साहेब."

मेमो आला. लेखी खुलासा मागितला होता. घट्टमऊनं सहा ओळींत दिला, आणि हातासरशी वाळूवर गाडी चालवण्याच्या प्रशिक्षणासाठी अर्जही जोडला. अर्ज नामंजूर झाला. शेऱ्यात लिहिलं होतं, 'अर्जदार स्वतः या विषयातील अनुभवी आहेत.' हा कागद त्यानं जपून ठेवला आहे, आणि पाहुणे आले की काढून दाखवतो.

घरी बायकोनं सगळं ऐकून घेतलं. शिळेच्या ठिकाणी ती हसली, पावणेपाचच्या ठिकाणी तिनं कपाळाला हात लावला. मग उठून तिनं घड्याळाचा गजर साडेतीनला लावला. "उद्यापासून उठायचं," ती म्हणाली. "मी पण येते. तुम्ही खरंच ओढ्यापर्यंत जाता का बघायला."

ती खरंच यायला लागली. पहाटे दोघं सायकली बांबूपाशी टाकून ओढ्यापर्यंत पायी जायची आणि परत यायची. आठ किलोमीटर. पहिल्या आठवड्यात घट्टमऊच्या पोटऱ्या अशा दुखल्या, की खोलीच्या दोन पायऱ्या तो आडवा होऊन चढायचा. घरी ज्याच्या तोंडून 'हं'च्या पुढे शब्द निघत नसे, तो पहाटेच्या वाटेवर बोलायला लागला. आधी वाळूबद्दल, मग इतरही. बायको म्हणायची, "बोलायला तुम्हाला समुद्र लागतो होय? मला वाटलं, लाल बटण लागतं."

निरोपाचा थाट गेला. 'ओढ्यापर्यंत आज सकाळी बघून आलो, गाडी जाईल. ओढ्यापुढचं माहीत नाही.' काही जणांना ते आवडलं नाही. फोन करून 'माहीत नाही' ऐकायचं असेल तर फोन कशाला, असं त्यांचं म्हणणं. पण न्हावी सांगायचा, की आता तो निरोप ऐकून निघतो. आधी नुसती करमणूक म्हणून ऐकायचा.

रविवारी टेलरबाई शिकवायच्या. गाडीही आणि गळही. त्यांची शिकवण्याची पद्धत शिवणाच्या वर्गासारखी होती, चुकलं की उसवा, पुन्हा करा. लाटा कुठं फुटतात आणि कुठं फुटत नाहीत ते बघायचं. जिथं फुटत नाहीत तिथं पाण्याखाली चर असतो, रंग गडद दिसतो, भरतीबरोबर मासा त्या चरातून खायला येतो. गळ तिथं पडला पाहिजे. बायकोचा गळ दुसऱ्याच रविवारी तिथं पडला. घट्टमऊचा कधी स्वतःच्या पाठीमागे, कधी बायकोच्या तंगुसात, आणि एकदा टेलरबाईंच्या पदराला. "माप घ्यायचं असेल तर सांगा," बाई म्हणाल्या, "असं ओढू नका."

गाडी रुतवण्यात मात्र त्यानं कौशल्य मिळवलं. बाईंची जीप त्यानं पाच महिन्यांत अकरा वेळा रुतवली. अकराव्या खेपेपर्यंत ती बाहेर कशी काढायची हे त्याच्याइतकं पुळणीवर कुणालाच येत नव्हतं. लोक अडकले की त्याला बोलवायला लागले. हा जाईल, बसेल, हवा काढेल, फळी घालेल, आणि काम करता करता आपली गोष्ट शिळेसकट सांगेल. रुतलेल्या माणसाची लाज अशानं निम्मी होते. आपल्यापेक्षा मोठा मूर्ख फावडं घेऊन मदतीला आलाय म्हटल्यावर कुणाला बरं वाटणार नाही?

सातव्या महिन्यात, एका ढगाळ रविवारी, त्याच्या काठीला पहिल्यांदा खरा झटका बसला. काठी नळीतून उखडून निघाली. त्यानं ती पाण्यात शिरून धरली. बायको एकीकडून ओरडत होती, "ओढा, ओढा!" टेलरबाई दुसरीकडून, "सोडा, थोडा सोडा!" घट्टमऊनं थोडं बायकोचं ऐकलं, थोडं बाईंचं. मासा दमत नव्हता, हा दमला होता. शेवटी लाटेबरोबर मागे सरकत येताना तो बादलीला अडखळला आणि धप्पकन बसला. तीच लाट मासा त्याच्या पायांशी टाकून गेली. चांगला हातभर लांब, रुपेरी, रागावलेला. घट्टमऊ त्याच्याकडे बघत राहिला. उचलायचा कसा हे त्याला कुणी शिकवलंच नव्हतं.

"अहो, धरा! पळेल!"

"कुठून धरू?"

बायको धावत आली, वाकली आणि तिनं तो कल्ल्यांत बोटं घालून उचलला. रोज लोकांच्या तोंडाजवळ काम करणाऱ्या बाईला कशाची भीती! टेलरबाईंनी घट्टमऊला हात देऊन उठवलं. त्याच्या पँटमध्ये दोन्ही बाजूंनी वाळू भरली होती, आणि तो असा हसत होता की त्याला धड उभंही राहता येईना.

पाणी चढायला लागलं होतं. तिघांनी सामान आवरलं. घट्टमऊ माशाची बादली मांडीवर घेऊन बसला, म्हणून बाईंनी परतताना जीप बायकोला चालवायला दिली. डांबरी रस्त्यावर तिला चालवता यायचं, पण वाळूवरची ती पहिलीच खेप होती. निघायच्या आधी ती खाली उतरली, चारी चाकांतली हवा स्वतः मोजली आणि मगच गाडी चालू केली. वाटेत ती एकदाही रुतली नाही, आणि घट्टमऊला ते जरा लागलंच.